मंगळवारचे दहा डाव

प्लम फोर्क, नेब्रास्का
८ ऑगस्ट १९९९

एल्डन,

अक्षर ओळखलंस ना? मग फाडण्याआधी निदान एक पान वाच. पाच वर्षांनी मोठा आहे मी तुझ्याहून, तेवढा तरी मान ठेव.

बातमी अशी की शाळेच्या फुटबॉल मैदानाला माझं नाव देताहेत. १ ऑक्टोबर, शुक्रवार. जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा असतो त्याच दिवशी. सामन्याआधी पाटी उघडायची, मी दोन शब्द बोलायचे, मग खेळ. वीस वर्षं हेड कोच होतो, त्याचं हे बक्षीस. ठरवणारा कोण, तर डेनिस पॉस्पिशिल. आठवतो ना? माझ्या बचावाच्या तुकडीतला, मान नसलेला, नुसतेच खांदे. आता शाळा मंडळाचा अध्यक्ष आहे, आणि पोटामुळे त्याला स्वतःचे बूट दिसत नाहीत.

सगळं गाव विचारतंय, एल्डन येणार का? किराणा दुकानात विचारतात, चर्चच्या पायऱ्यांवर विचारतात. मी सांगतो, येईल की, न यायला काय झालं! बर्निस मला बाजूला घेऊन म्हणते, "कशाला लोकांना थापा मारतोस? आईच्या दफनालासुद्धा तो तुझ्याशी एक शब्द बोलला नव्हता." ही बाई माझी बायको आहे की तुझी वकील, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

पण मी म्हणतो, एका सामन्यावरून माणूस बावीस वर्षं रुसून बसतो का रे? हरलो ते आपण सगळेच हरलो. तुझी चढाईची तुकडी हरली म्हणजे माझी बचावाची तुकडी जिंकली, असं काही कुठे लिहिलं गेलं नाही. तू उठलास, बिऱ्हाड गुंडाळलंस आणि आयडाहोत जाऊन शेताच्या पाण्याचे पाइप विकत बसलास. कोचगिरी सोडलीस ती सोडलीसच. मी काय तुला हाकललं होतं?

नवा कोच ट्रेंट म्हणून आहे. अठ्ठावीस वर्षांचा, गळ्यात दोन शिट्ट्या. त्याच्या डोक्यात आलंय की पोरांच्या दोन तुकड्या करायच्या. एक फक्त चढाई करणार, एक फक्त बचाव. सराव वेगळा, कोच वेगळे. मला म्हणाला, "कोलार सर, तुम्ही सत्त्याहत्तर साली हे करून दाखवलं होतंत. मला शिकवा." म्हणून रोज दुपारी मी मैदानाकडेला खुर्ची टाकून बसतो आणि शिकवतो. मधून मधून तुझंही नाव घेतो.

तर ये. तुझ्या रॉसलाही आण. तो नौदलातून केव्हाच सुटला असेल.

मिलो


२२ ऑगस्ट

एल्डन,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहितोय, कारण रोज त्या खुर्चीत बसलं की डोक्यात तेच ते येतं, आणि बर्निस ऐकून घेत नाही.

ट्रेंटनं परवा पोरं वाटली. चाळीस पोरं, कॉम्प्युटरमधून कागद निघाला, वीस इकडे वीस तिकडे, झालं. आपण कशी वाटली होती! लिंडक्विस्टच्या स्वयंपाकघरात, त्याच्या बायकोची ती पाणचट कॉफी पीत, एक नाव तू घ्यायचं, एक मी. छत्तीस पोरं होती. त्याआधी जे चढाई करायचे तेच बचावाला उभे राहायचे, आणि शेवटच्या पावतासात सगळ्यांच्या जिभा बाहेर. हेड कोच लिंडक्विस्ट म्हणाला, "मोठ्या शाळा का जिंकतात माहितीय? त्यांची अर्धी पोरं बाकावर बसून पाणी पीत असतात. आपणही तसंच करू. एल्डन, चढाई तुझी. मिलो, बचाव तुझा. आणि हो, पुढच्या उन्हाळ्यात मी घरी बसणार आहे. माझी शिट्टी तुमच्यापैकी एकाच्या गळ्यात जाईल." हे शेवटचं त्यानं साखर मागावी इतक्या सहज म्हटलं होतं. आपण दोघांनीही कपात बघितलं.

शिट्टीसाठी मी कधी जीव टाकला नाही. तुला तसं वाटत असेल तर वाटो.

पहिलं नाव तू घेतलंस. रॉस. उजवा गार्ड. मी मोठ्यानं हसलो. पहिल्या नावाला कुणी गार्ड घेतं? रांगेत वाकून उभं राहायचं, समोरच्याला अंगानं अडवायचं, आणि चेंडूला आयुष्यात हात लावायचा नाही, असला गडी. तू म्हणालास, "माझा पोरगा आहे म्हणून नाही घेतला. त्याच्या पाठीमागून काहीही सुखरूप नेता येतं." ते खरंच होतं. सतरा वर्षांचं पोरगं, दारातून यायचं तर तिरकं व्हावं लागायचं. आणि बोलायचं इतकं हळू की आई प्रत्येक रविवारी त्याच्याजवळ कान नेऊन विचारायची, अजून डंपलिंग हवंय की नको.

मग उत्तरेचं मैदान माझं झालं, दक्षिणेचं तुझं. पहिली वीस मिनिटं सगळ्यांचा व्यायाम एकत्र, मग भोंगा वाजला की दोन तुकड्या एकमेकींना पाठ दाखवून चालत्या. सप्टेंबर लागेपर्यंत पोरांनी कपडे बदलायच्या खोलीची दारंसुद्धा वाटून घेतली. गुरुवारी जेवणाला राजमा-मांसाची चिली आणि दालचिनीचे रोल असायचे, तिथंही एक टेबल चढाईचं आणि एक बचावाचं. पॉस्पिशिल आणि रॉस शेजारी शेजारी वाढलेले, एका सायकलवर शाळेत यायचे. ते एकमेकांशी बोलेनासे झाले. मी माझ्या पोरांना सांगायचो, "ते बघा, केस विंचरून आले. पेपरात फोटो त्यांचे, पोरी त्यांच्या मागे. तुम्हाला कोण कुत्रं विचारतं?" पोरं अशी पेटायची म्हणतोस! मजा यायची मला, खोटं कशाला बोलू.

आणि मग मंगळवार. सरावाचा शेवटचा अर्धा तास, तुझी तुकडी विरुद्ध माझी. दहा डाव. जो डाव जिंकेल त्याच्या बाजूला लिंडक्विस्ट फळ्यावर रेघ मारायचा. सुरुवातीला तू जिंकत होतास. सप्टेंबरच्या मध्याला वारं फिरलं, आणि त्यानंतर एकही मंगळवार तुझा झाला नाही. दहापैकी सात माझे, दहापैकी आठ माझे. शुक्रवारी दुसऱ्या शाळांना तू लोळवायचास, आणि मंगळवारी माझ्यासमोर तुझी पोरं तोंडावर आपटायची.

माझी तुकडी तयार झाली होती, एवढंच. तुला त्यात काही काळंबेरं वाटत होतं तर तेव्हाच तोंडावर विचारायचं होतंस. तू कधी विचारलं नाहीस.

मिलो


७ सप्टेंबर

एल्डन,

कार्ड मिळालं. पुढे आयडाहोचा धबधबा, मागे तीन शब्द. "विचारलं होतं. दोनदा."

बर्निसनं ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. मी काढून खणात टाकलं. तिनं परत लावलं. दूध घ्यायला गेलो की तुझं अक्षर समोर.

बरं बाबा. विचारलं होतंस.

पहिल्यांदा आईच्या घरी, ऑक्टोबरातल्या एका रविवारी. भाजलेलं डुकराचं मांस, डंपलिंग, आंबट कोबी, आणि आई ताटं उचलत होती. तू म्हणालास, "मिलो, खरं सांग. तुझी पोरं काहीतरी बघतायत. आम्ही चेंडू घेऊन पळणार की फेकणार, हे त्यांना आधीच कळतं. काय बघतायत?"

मी म्हणालो, "तुझी पोरं मऊ आहेत, ते बघतायत."

आई हसली. समोर रॉस बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि कोबी चिवडत राहिला.

दुसऱ्यांदा उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी, सामानाच्या खोलीत. कपडे धुवायचं मशीन घरघरत होतं. तू आत आलास, दार लावलंस, आणि आवाज अजिबात चढवला नाहीस. "उद्या कार्व्हर सिटीशी गाठ आहे. आता तुझी तुकडी, माझी तुकडी हे राहू दे. तुला काही माहीत असेल तर सांग, मिलो. हवं तर हात जोडतो."

मी मोज्यांच्या जोड्या लावत होतो. वर बघितलं नाही. "काही नाहीये रे. जा, जेवून घे नीट. उगाच डोक्याचा भुगा करून घेशील."

काय होतं ते तुला पुढे पेपरातून कळलं. माझ्या तोंडून कधीच कळलं नाही, म्हणून आता लिहितो.

सप्टेंबरचा दुसरा मंगळवार. माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी रांगेच्या टोकाला गुडघ्यावर बसलो. डोळ्यांसमोर नुसते पाय. तुला काय सांगायचं, गार्डचं काम दोनच तऱ्हेचं. पळायचा डाव असला तर पुढे मुसंडी, फेकीचा असला तर मागे सरकत अडवणूक. आणि रॉसचा उजवा पाय फेकीच्या डावाला चेंडू सुटायच्या आधीच वीतभर मागे. पळायच्या डावाला बरोबर डाव्याच्या रेषेत. पुन्हा फेक, पुन्हा मागे. मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडून परत बांधली, खात्री करून घ्यायला. त्या पोराला स्वतःला काही पत्ता नव्हता. कामाला चुकू नये म्हणून बिचारं आधीच तयारीत राहत होतं.

मी उठलो. तू वीस पावलांवर होतास, पाठमोरा, कुणाला तरी ओरडत. तुला हाक मारायची म्हणून मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. मग मला फळा दिसला. तुझ्या बाजूला रेघा जास्त होत्या, आणि फळ्याशेजारी लिंडक्विस्ट, गळ्यात शिट्टी.

पॉस्पिशिलला आणि अजून एकाला मी कोपऱ्यात घेतलं. "उजव्या गार्डचा पाय बघत चला. आणि हे तिकडच्या कुणाला कळलं, तर तुम्ही दोघं उरलेलं वर्ष बाकावर." धमकीची गरजच नव्हती. तोवर ती पोरं चढाईवाल्यांशी बोलत तरी कुठे होती! आदल्या वर्षी असतं तर दोन मिनिटांत रॉसच्या कानावर गेलं असतं. बचावातला पोरगा पुढच्या डावाला त्याच्याच खांद्याला खांदा लावून उभा राहिला असता आणि म्हणाला असता, "गाढवा, पाय सरळ ठेव." आपण मध्ये भिंत घातली आणि माझं गुपित तिच्या आडोशाला नऊ आठवडे टिकलं.

आणि शिट्टीसाठी मी जीव टाकत होतो. मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

मिलो


१९ सप्टेंबर

एल्डन,

सुरुवात केलीच आहे तर संपवतो. अर्धं सांगून गप्प बसलो तर बर्निस घरात घेणार नाही.

तुला ती फिल्मची पद्धत आठवते. सामन्याच्या आधीच्या शनिवारी दोन्ही शाळांचे कोच अर्ध्या वाटेवर भेटायचे आणि आपापल्या मागच्या सामन्याचं रीळ एकमेकांना द्यायचे. तुम्ही आमचं बघा, आम्ही तुमचं बघतो, सगळा उघड कारभार. कार्व्हर सिटीच्या वेळी महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर मी गेलो होतो. तू म्हणाला होतास मी जातो, मी म्हणालो राहू दे, तू दमला आहेस.

चाळीस मैल रिळाचा तो पत्र्याचा डबा माझ्या शेजारच्या सीटवर होता आणि मला ठाऊक होतं की त्यात रॉसचा पाय आहे. मी स्वतःची समजूत घालत गेलो. मला दिसला तो नाडी सुटली म्हणून. इतक्या लांबून घेतलेल्या फिल्मवर कुणाला दिसतोय! परत फिरून तुला गाठायला वेळ होता. सहा दिवस होते. त्यांच्या कोचनं मला डोनट दिला. मी खाल्ला, वर हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

सामना तुला सांगायला नको. पहिल्या डावापासून ते तुमच्या आधी जागेवर. चेंडू फेकणारा तुझा क्वार्टरबॅक सात वेळा आडवा झाला. तू कडेला उभा राहून कागद उलटेपालटे करत होतास, ते मला माझ्या जागेवरून दिसत होतं. माझ्या बचावानं त्यांना सातच गुण दिले. सात-शून्य. परतीच्या बसमध्ये तुझी पोरं पुढे बसून रडत होती आणि माझी मागे गप्प होती. लिंडक्विस्ट माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुझ्या पोरांनी मान खाली घालायचं कारण नाही." आणि मला बरं वाटलं, एल्डन. घरच्या संघाची हार उरावर घेऊन बसमध्ये बसलो होतो, आणि मला आतून बरं वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी त्यांच्या कोचनं पेपरात सांगितलं, "प्लम फोर्कच्या उजव्या गार्डचा पाय हा आमचा बारावा खेळाडू होता." एका पेपरवाल्यानं सांगायचं आणि गावानं उचलायचं, एवढाच अवकाश. रॉस वर्गात शिरला की बाकांजवळ उभी असलेली पोरं उजवा पाय वीतभर मागे घ्यायची. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. पहिला पॉस्पिशिल. मग न्हाव्याच्या दुकानातली बाप्ये माणसं. मग चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायच्या रांगेत, रॉसच्या पुढचा म्हातारा मागे बघून हसला आणि पाय मागे घेतला. आईनं पाहिलं ते. आईला कळलं नाही काय चाललंय. तिनं मला विचारलं, तर मी म्हणालो, पोरांची गंमत.

आता फेब्रुवारी. तुला माहीत आहे मी कुठे येतोय. शिक्षकांच्या खोलीत सहा-सात जण होते, रॉसचाच विषय निघाला होता. कुणीतरी म्हणालं, "मिलो, करून दाखव ना, तुझाच पुतण्या." मी कॉफीचा कप टेबलावर ठेवला, वाकलो, तीन बोटं जमिनीला टेकवली आणि उजवा पाय मागे घेतला. हशा झाला. वर बघतो तर दारात तू. हातातल्या वह्या तिथल्या खुर्चीवर ठेवल्यास आणि निघून गेलास. त्या दिवसापासून आजपर्यंत तुझे मला मिळालेले शब्द त्या कार्डावरचे तीन.

मार्चमध्ये शिट्टी मला मिळाली. रॉसनं शाळा संपायची वाटही न बघता नौदलात नाव घातलं. जूनमध्ये तुझ्या अंगणात सामानाची गाडी उभी राहिली. मी समोरच्या फुटपाथवरून गेलो, पण थांबलो नाही.

आता ऐक. १ तारखेला मी हे सगळं माइकवर सांगणार आहे. पाटी उघडण्याआधी. बर्निसला सांगितलं तर भांडी पुसता पुसता म्हणाली, "तू? सांगशील?" सांगेन. तू ये किंवा येऊ नकोस.

मिलो


६ ऑक्टोबर

एल्डन,

सांगितलं.

ऊन होतं, बँड वाजून झाला होता, दोन्ही बाजूंची बाकं भरलेली. पाटीवर निळं कापड. सत्त्याहत्तरची माझी पोरं खास पहिल्या ओळीत बसवलेली, सगळ्यांची टकलं चमकतायत. मी कागद नेला नव्हता. म्हणालो, या पाटीवर माझं नाव लागू नये, त्याचं कारण मी सांगतो. मग सांगितलं. नाडीपासून सुरुवात केली. पाय सांगितला, फळा सांगितला, आई ताटं उचलत होती ते, सामानाच्या खोलीतलं, डोनटसुद्धा सांगितला. शिक्षकांच्या खोलीतलंही. म्हणालो, माझा भाऊ मला हात जोडायला तयार होता आणि मी मोज्यांच्या जोड्या लावत राहिलो.

झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू येत होती. मला वाटलं, झालं, आता कुणीतरी ओरडेल, काढा ती पाटी.

पॉस्पिशिल माझ्या मागेच उभा होता. तो आधी खदखदला, मग माइक ओढून म्हणाला, "बघा लेको! सख्ख्या भावाला पत्ता लागू दिला नाही पठ्ठ्यानं! याला म्हणतात बचाव!"

आणि सगळं मैदान हसलं रे. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. लोक उठून उभे राहिले. पहिल्या ओळीतली माझी पोरं, चाळिशीला टेकलेली माणसं, एका रेषेत उभी राहिली आणि सगळ्यांनी मिळून उजवा पाय वीतभर मागे घेतला. मला सलामी म्हणून. मी माइकवर ओरडलो, "हसू नका! मी गंमत करत नाहीये!" तर आणखीच हसले. म्हणाले, म्हातारा अजून तसाच आहे. कुणीतरी कापड ओढलं. बर्निस उठली, गाडीत जाऊन बसली आणि सामना संपेपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी पॉस्पिशिलला फोन करून म्हणालो, पाटी उतरव. तो म्हणाला, "सर, आता तर उतरवणारच नाही. लोक चार दिवस दुसरं काही बोलणार नाहीत." मी म्हणालो, "डेनिस, रॉस तुझा दोस्त होता." तो म्हणाला, "पोरं होतो आम्ही, सर." खरं होतं. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो.

सोमवारी सरावाला गेलो. ट्रेंटनं मला हाताला धरून बचावाच्या पोरांच्या खोलीत नेलं. भिंतीवर ताज्या निळ्या रंगात, हातभर उंच अक्षरांत: "इकडचं तिकडे जाणार नाही. कोलार सरांचा नियम." रंग अजून ओला होता. मी म्हणालो, खरवडून काढ हे. तो हसला. "सर, तुम्ही फार साधे आहात." पोरं माझ्याकडे बघत होती. एकानं माझी सही मागितली. मी खुर्ची उचलून घरी आणली. आता जात नाही.

रॉसचं शेवटी ठेवलंय, कारण ते लिहायला हात धजत नव्हता.

तो आला होता. तुला माहीत असणारच. तिकिटांच्या खिडकीजवळ, कुंपणाला टेकून उभा होता. लोकांनी मला पाठीवर थापा मारून सोडलं, तेव्हा मी तिकडून निघालो होतो. दाढी अर्धी पिकली आहे त्याची. मी आधी ओळखलंच नाही, मग खांदे ओळखले.

"मिलोकाका," तो म्हणाला.

"केव्हा आलास?"

"तुम्ही बोलायला उभे राहिलात तेव्हा. बाबांनी तुमची पत्रं मला पाठवली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही, नुसती पत्रं."

"एल्डन आलाय?"

"नाही. ते येणार नाहीत."

मी म्हणालो, "तू ऐकलंस ना, मी सगळं सांगितलं. ते हसले, त्याला मी काय करू?" माझा आवाज चढला होता. लहान पोरानं तक्रार करावी तसा मी त्याच्याकडे तक्रार करत होतो.

"ऐकलं," तो म्हणाला. "हसलेलंही ऐकलं. त्याची सवय आहे मला." अजूनही तसाच हळू बोलतो. बँड पुन्हा सुरू झाला होता, मला वाकून ऐकावं लागत होतं. "मला एकच विचारायचंय. काका म्हणून नको, कोच म्हणून सांगा. त्या मंगळवारी तुम्ही मला सांगितलं असतंत, तर ते सुधारायला किती वेळ लागला असता?"

खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, काही सांगता येत नाही, कधी कधी अशी सवय जातच नाही. बावीस वर्षांपूर्वी मी तेच म्हणालो असतो.

"एक दुपार," मी म्हणालो. "गवतावर दोरी टाकायची, दोन्ही बुटांची टोकं दोरीला लावायची. वीस-तीसदा तसं उभं राहायचं. संपलं."

"एक दुपार."

"हो."

तो कुंपणाच्या तारेत बोटं अडकवून मैदानाकडे बघत राहिला. "मला वाटायचं, माझ्यात मुळातच काहीतरी खोट आहे," तो म्हणाला. "सुधारण्यासारखी नसेल. म्हणून तर इतक्या महिन्यांत कोणत्याच कोचनं सांगितलं नाही. बाबांना दिसलं नसेल हे मला कधी खरं वाटलं नाही. वाटायचं, दिसलं असेल, पण माझी दया आली असेल." मग म्हणाला, "बाबांशी मी सहा वर्षं बोललो नव्हतो, माहितीय तुम्हाला?"

माहीत नव्हतं, एल्डन.

विजेच्या खांबांवर चढायचं काम करतो म्हणाला, दोन मुली आहेत म्हणाला. "बँकेत, दुकानात, कुठेही रांगेत उभा राहिलो की आधी खाली बघतो. लग्नात पाद्री बोलत होता तेव्हाही मी पाय सरळ आहेत ना बघत होतो. बायको कानात म्हणाली, पळून जायचा विचार आहे का?" तो थोडा हसला. मीही हसायच्या बेतात होतो, पण सावरलो.

"रॉस, बेटा, मी..."

"नको," तो म्हणाला. "आज पुष्कळ बोललात. मी बाबांना सांगेन, एक दुपार."

त्यानं टोपी घातली आणि कुंपणाच्या कडेनं गाड्यांकडे निघाला. दहा-बारा पावलं गेला असेल, आणि थांबून एकदम मागे वळला. काही सांगायचं राहिलं असेल त्याला, काय ते आता कळायचं नाही. मी घाईनं मान वर केली, पण उशीर झाला होता. मी त्याच्या पायांकडे बघत होतो, आणि ते त्याला दिसलं.

मिलो